भरलेले नऊ

१

त्या मंगळवारी मी अंगणात वाल निवडत बसले होते. माझा नवरा गाथोगो सकाळीच उगमाकडे गेला होता. मंगळवार हा जाळी साफ करायचा दिवस. आमच्या डोंगरसोंडेवरच्या घरांना जंगलातून पाणी येतं ते एकाच पाइपातून, आणि पाइपाच्या तोंडाशी जाळी आहे. तो आधी वरचा व्हॉल्व्ह बंद करी, जाळीत अडकलेला पालापाचोळा काढी आणि मग व्हॉल्व्ह उघडी. तेवढा वेळ सगळे नळ कोरडे राहत. पाणी परत यायच्या आधी नळ खोकत. आधी नुसती हवा, मग गढूळ चूळ, मग धार. नळ खोकला की मी चहाचं आधण ठेवत असे. तो उतरून घरी पोचेपर्यंत चहा तयार होई.

त्या दिवशीही नळ खोकला. खाली पिवळा कॅन ठेवलेलाच होता. मी सूप बाजूला ठेवलं, चुलीवर आधण चढवलं आणि कॅन भरून वाहायला लागला तेव्हा उठून नळ बंद केला.

चहा उकळून काळा झाला. गाथोगो आला नाही. फाटकात थेउरी येऊन उभा राहिला. थेउरी आमच्या पाणी समितीचा चावीवाला, सत्तरी ओलांडलेला, म्हणून सगळ्यांचा म्झे, म्हणजे आजोबा. एरवी व्हॉल्व्ह उघडायचे, बंद करायचे आणि दर शुक्रवारी सोंडेवरून उतरत घरोघरची मीटरं वाचायची, हे त्याचं काम. त्याने टोपी काढून छातीशी धरली होती.

"मामा न्याकियो, बस जरा," तो म्हणाला. माझं नाव वांजुगु, पण बहुतेक जण मला लेकीच्या नावाने, न्याकियोची आई अशीच हाक मारतात.

"बसलेलीच आहे. तुम्ही बसा, म्झे. चहा जरा कडू झालाय."

तो बसला नाही. "जाळीपाशी पडला होता गं. जाळी अर्धीच साफ झालेली. अंग गार होतं. सकाळीच गेला असणार." मग बोलायला काही उरलं नाही की माणूस जसं काहीतरी बोलतो, तसं तो म्हणाला, "व्हॉल्व्ह अजून बंदच आहे. मी तसाच पळत आलो. उघडायचं सुचलं नाही."

मी नळाकडे पाहिलं. कॅन काठोकाठ भरलेला होता.

पाइपात उरलेलं पाणी असेल, असं मी तेव्हाच स्वतःला सांगितलं. अजूनही सांगते. पण आमचं घर वरून तिसरं आहे, आणि उरलेलं पाणी खालच्या घरांकडे जातं, वर चढत नाही.

२

त्याला आम्ही त्याच्या बापाच्या जमिनीत पुरलं. ती सोंडेच्या पार खालच्या टोकाला आहे. तिथे माझी सासू राहते, एक गाय आणि भाजीचे दोन वाफे घेऊन. तिला मी माइतू म्हणते. तिचं घर लाइनीवरचं शेवटचं. त्याच्या पुढे नुसतं हत्तीगवत आहे, आणि मग उतार एकदम घळीत कोसळतो.

पुरल्यानंतरच्या आठवड्यात समितीची अध्यक्ष वामाइथा आली. एका हातात दुधाचा डबा, दुसऱ्या हातात लेसोच्या रंगीत कापडात गुंडाळलेला समितीचा लॅपटॉप.

"रडून झालं असेल तर हे घे," ती म्हणाली. मग माझ्याकडे बघून तिचा आवाज उतरला. "झालं नसेल तरी घे. तू मास्तरीण. आमच्या पोराच्या हातात दिलं तर आधी फुटबॉल लागतो. वार्षिक सभेपर्यंत तूच बघ."

मी घेतला. हाताला काहीतरी काम हवं होतं.

समितीचा हिशेब गाथोगो ठेवायचा, पण त्याची शीट मी याआधी त्याच्या खांद्यावरून नुसती बघितली होती. डावीकडे लाइनीवरच्या घरांची नावं, पाइप ज्या क्रमाने उतरतो त्याच क्रमाने. शेजारी मीटरचे आकडे. त्यातून मागच्या शुक्रवारचा आकडा आपोआप वजा होऊन आठवड्याचा खर्च निघे. खाली खर्चाची बेरीज. बेरजेशेजारी लाइनीच्या सुरुवातीला बसवलेल्या मोठ्या मीटरचा आकडा. दोन्ही जुळले तर पाणी कुठे गळत नाही. जुळले नाहीत तर आमच्याकडे कोरड्या दिवसांत घराघरांत भांडणं लागतात.

पूर्वी नवं घर लाइनीवर आलं की बेरीज कुठपर्यंत करायची ते हाताने बदलावं लागे. एका वर्षी कोणी बदलायला विसरलं, एक घर बेरजेच्या बाहेर राहिलं, आणि त्या घरच्या बाईला सगळ्यांनी महिनाभर चोर ठरवलं. तेव्हापासून गाथोगोने युक्ती केली होती. शीटच्या डोक्यावर एक पिवळी चौकट. तिच्यात घरांचा आकडा टाकायचा. बेरीज त्या चौकटीकडे बघून आपली लांबी ठरवी. आकडा वाढला की ती खाली पसरे, कमी झाला की आखडे. त्याला या गोष्टीचा फार अभिमान होता. "बघ, हिला हात लावायला नको," तो म्हणायचा, "ही आपली आपण चालते."

पिवळ्या चौकटीत नऊ होते. मी नावं मोजली. घरं दहा होती.

मी नऊ पुसून दहा लिहिलं.

३

पहिल्या शुक्रवारी थेउरीने मीटरचे आकडे फोनवर पाठवले, नेहमीसारखे एकाखाली एक, नावांशिवाय. मी ते एकगठ्ठा उचलून रकान्यात टाकले. बेरीज झाली. मोठ्या मीटरशी अगदी जुळली.

वामाइथाला कळवलं. तिचा उलट फोन आला. "बघ! गाथोगोला हे कधी इतकं नीट जुळलं नव्हतं. थोडंफार इकडेतिकडे व्हायचंच."

मला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याचं वाईट वाटलं. संध्याकाळी मी त्याच्या कपड्यांची पेटी उघडली. अधूनमधून थेउरीचे आकडे पडताळताना मीटरची काच पुसायला तो उजवी बाही वापरायचा. फडकं दिलं तर खिशातच विसरे. त्यामुळे त्याच्या प्रत्येक खाकी सदऱ्याच्या उजव्या बाहीचं टोक लाल मातीने कायमचं मळलेलं. धुताना मी कुरकुर करायची. पेटीतल्या सगळ्या सदऱ्यांच्या बाह्या तशाच होत्या. त्याला आम्ही सुटात पुरलं होतं, लग्नाच्या. सदरे मोजायचं मनात आलं, पण मी मोजले नाहीत.

४

पुढच्या शुक्रवारीही जुळलं. पण त्या दिवशी मला जरा निवांतपणा होता, म्हणून बेरजेच्या चौकटीवर टिचकी मारून सूत्र वाचलं. बेरीज पिवळ्या चौकटीतला आकडा घेत होती, आणि त्यात एक मिळवत होती.

क्षणभर कळेना. मग हसू आलं. आमच्याकडे माणसं, गुरं, घरं पुरी मोजत नाहीत. दहा असली तर जुनी माणसं 'भरलेले नऊ' म्हणतात. पुरा आकडा तोंडातून काढला की त्यातलं कोणीतरी कमी होतं, अशी समजूत. शाळेत मी आयुष्यभर हजेरी पुरीच मोजली. पण गाथोगो आईचा मुलगा होता. चौकटीत भरलेले नऊ लिहायचा, आणि हिशेब चुकू नये म्हणून सूत्राच्या पोटात गुपचूप एक मिळवायचा. चेष्टेत एकदा म्हणालाही होता, "आईला विचारलं तर नऊ, यंत्राला विचारलं तर दहा. दोघंही खूश."

म्हणजे दहा लिहून मी त्याचं गणित बिघडवलं होतं. बेरीज दोन आठवडे अकरा ओळी धरत होती. मास्तरणीने करावं तेच मी केलं. ते जादा एक काढून टाकलं. चौकटीत दहा, बेरजेत दहा.

बेरीज दोन युनिटांनी कमी आली.

मी पुन्हा एक मिळवलं. जुळली. काढलं. दोन कमी.

तेव्हा कुठे मी रकान्यात खाली पाहिलं. दहाव्या ओळीत माइतूचं नाव. तिच्याखाली नावाची चौकट रिकामी, आणि रिकाम्या नावासमोर मीटरचा आकडा होता: चार. मागच्या शुक्रवारी तिथे दोन होते, त्याच्या आधी काही नव्हतं. कोणीतरी शून्यावर असलेलं नवंकोरं मीटर बसवावं तसं.

आधी वाटलं, माझ्याच हातून काही पडलं असेल. थेउरीचा निरोप काढून आकडे बोटाने मोजले. अकरा होते.

आणि आणखी एक गोष्ट दिसली, ती नसती दिसली तर बरं झालं असतं. गाथोगो अंगणातल्या त्याच्या रोपवाटिकेला पाणी घालायचा, म्हणून आमच्या घराचा खर्च आठवड्याला पाच असे. तो गेल्यापासून तीन झाला होता.

५

समितीला बातमी पोचायला वेळ लागला नाही. बेरीज कमी येत असल्याचं मीच वामाइथाला सांगून बसले होते, सवयीने.

"दोन युनिट? या उन्हात?" ती म्हणाली. "अगं, खालच्या घरांत बायका भांडी राखेने घासतायत, आणि दोन युनिट हवेत उडतात होय? गळती खालच्याच टोकाला आहे. नवव्या घराखालचा व्हॉल्व्ह शनिवारी बंद करते."

"तिथे माइतू आहे."

"माहीत आहे मला. माझीही आई म्हातारी आहे, वांजुगु. पण दोन युनिट कुठे जातात ते दाखव, नाहीतर मला बंद करू दे. गाथोगो असता तर त्यानेही केला असता."

केला नसता. पण तिला ते सांगून उपयोग नव्हता. माइतूला घळीतून पाणी वाहणं शक्य नव्हतं, तिचे गुडघे चुलीपासून दारापर्यंत जेमतेम चालतात. माझ्याकडे राहायला ये म्हटलं की ती म्हणे, "पोराला एकटं टाकून?"

मी थेउरीला गाठलं. तो वरच्या व्हॉल्व्हपाशी सावलीत बसून अरारूटचा उकडलेला कंद खात होता.

"म्झे, लाइनीवर मीटरं किती?"

"मला काय विचारतेस? मी वाचतो, मोजत नाही. मोजायचं काम शिकलेल्यांचं." त्याने अर्धं अरारूट पुढे केलं. "घे, भुकेली दिसतेस."

"वरून सुरुवात करता. शेवटचं कोणतं वाचता?"

"पाइप संपतो तिथलं."

"म्हणजे माइतूचं."

त्याने चावणं थांबवलं. "तिच्या पुढचं. हत्तीगवतातलं. तुम्हीच बसवलंय ना, कबरीच्या बाजूला? झाडांना पाणी घालायला. मी म्हटलं, चांगलं केलं पोरीने."

"मी काही बसवलं नाही."

"मग समितीने बसवलं असेल." त्याला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. "चांगलं मीटर आहे. बाकीच्यांच्या काचा मला थुंकी लावून पुसाव्या लागतात, इतकी माती. त्याची काच मात्र नेहमी पुसलेली."

अरारूट माझ्या हातातच राहिलं.

"ओली असते," तो म्हणाला. "आत्ताच कोणी पुसल्यासारखी."

६

त्याच दुपारी मी खाली गेले. ऊन टळटळीत होतं. माइतू स्वयंपाकाच्या झोपडीत चुलीपाशी बसली होती. धुरात तिचा चेहरा नीट दिसत नव्हता, फक्त कानातली जुनी मोठी भोकं दिसत होती.

"आलीस? बस. उजी आहे, घे."

मी बसले. उजीची पातळ पेज कोमट होती. तेवढ्यात बाहेर, कबरीच्या पलीकडून, नळ खोकला.

हवेचा आवाज, मग थांबून पुन्हा हवा, मग चूळ. तो आवाज कुठल्याही घरातून ओळखला असता मी. माइतूने मान वर केली नाही. ती लाकूड आत सरकवत होती.

"तुझ्या अंगणातला नळ बंद आहे ना, माइतू?"

"बंदच आहे. हा तो नाही. हा रोजचा दुपारचा."

"कोण आहे तिथे?"

"मी कशाला विचारू? ज्याचं पाणी तो घेतोय." मग तिने माझ्याकडे पाहिलं. "वांजुगु, तू आकडा पुरा लिहिलास का?"

मी उजीचा वाडगा खाली ठेवला.

"तो कधी लिहीत नव्हता," ती म्हणाली, आणि चूल फुंकू लागली.

मी बाहेर आले. कबरीवरची माती अजून बसली नव्हती. तिच्या पुढे हत्तीगवत डोक्याच्या वर वाढलेलं. तिथे पाइप कधीच टाकलेला नाही, हे मला पक्कं माहीत आहे. खणताना गाथोगो होता, मी त्याचं जेवण घेऊन आले होते, आणि त्याने फावडं माइतूच्या अंगणात रोवून म्हटलं होतं, बस, इथे संपलं. तरी पायाखाली पाणी वाहत होतं. तळव्यांना जाणवत होतं, पाइपात पाणी धावतं तेव्हा जमीन थरथरते तसं. आणि ते थांबत नव्हतं. पुढे, उताराकडे जात होतं.

गवत बाजूला केलं. पात्यांनी मनगट कापलं. आत हातभर जागा मोकळी होती, लाल माती, मध्ये मीटरचा डबा, झाकण उघडं. काच स्वच्छ होती. तिच्यावर पुसल्याचा ओला कमानीसारखा पट्टा होता, तो माझ्या डोळ्यांदेखत कडेने सुकत होता. आत लाल काटा फिरत होता. घाईने नाही. कोणी कॅन भरत असताना फिरतो तसा.

मी वाकले. आकडा वाचायचा होता, एवढंच आठवतं. तेव्हा समोरची दोन-तीन ताटं हलली आणि त्यांच्यामधून काहीतरी मागे घेतलं गेलं. खाकी बाही होती. तिचं टोक लाल आणि ओलं होतं. कोणी कामात असताना दुसऱ्याला वाट द्यावी, तशी ती सावकाश मागे सरकली.

मी हाक मारली की नाही, ते मला खरंच सांगता येत नाही. घसा दुखत होता, त्यावरून वाटतं मारली असावी. हात धरून माइतूला बाहेर आणलं, तिला दाखवायला. पण गवत सगळीकडे सारखंच उभं होतं. मोकळी जागा सापडली नाही. माझ्या मनगटावर मात्र कापल्याचे व्रण होते.

"राहू दे," माइतू म्हणाली. ती थकलेली दिसत होती. "माझ्यासाठी पाणी चालू ठेव, बाकी काही शोधू नकोस."

७

मी सूत्रात ते एक परत मिळवलं. बेरीज जुळली. वामाइथाला सांगितलं, गळती नाही, माइतूने गोठ्याकडे दुसरं मीटर घेतलंय, ते धरायचं राहिलं होतं. शाळेत कोणी पोर असं माझ्याशी बोललं असतं तर मी चेहऱ्यावरून ओळखलं असतं.

"मग त्या ओळीत नाव घाल की," ती म्हणाली. "बिननावाचं पाणी सभेला कसं दाखवू?"

"घालते."

"आणि जेवत जा. थेउरी म्हणत होता, तुझ्या हातात अरारूट दिलं तर तू ते फुलासारखं धरून उभी राहिलीस."

शनिवारी व्हॉल्व्ह बंद झाला नाही. मी रोज संध्याकाळी माइतूला फोन करू लागले. ती दोनच वाक्यं बोलते: पाणी आहे, गाय बरी आहे. मला तेवढं पुरे होतं. नावाची चौकट मी बऱ्याचदा उघडली. त्याचं नाव टाइप केलं, पुसलं. माइतूचं टाकलं, पुसलं. रिकामी ठेवली. गळतीला कारणं असतात, जुन्या मीटरांना भुतं लागत नाहीत, थेउरीला मोतीबिंदू आहे, मी तीन आठवडे नीट झोपलेली नाही. ही सगळी कारणं खरी आहेत. मी ती एकेक करून स्वतःला सांगते, आणि प्रत्येक वेळी शेवटी तो कॅन आठवतो.

काल संध्याकाळी माइतू म्हणाली, "खाली कोणीतरी खणतंय गं. पाइप पुढे नेतायत वाटतं."

"स्वप्न पडलं असेल तुला."

"दिवसा?" ती म्हणाली, आणि हसली. कितीतरी दिवसांनी हसली.

आज शुक्रवार. थेउरीचा निरोप नेहमीच्या वेळी आला. मी आकडे उचलून रकान्यात टाकले. बेरीज एकने कमी आली. मला वाटलं, सूत्र पुन्हा बिघडलं. मग खाली पाहिलं.

माइतूचा खर्च कधी बदलत नाही. गाय, दोन वाफे, तिचा चहा, आठवड्याला एक युनिट. तिच्या ओळीत मागच्या शुक्रवारचाच आकडा आलाय, खर्च शून्य. अकराव्या ओळीत नेहमीचे दोन. त्याच्याखाली, बेरजेच्या बाहेर, बाराव्या ओळीत नवं मीटर आहे. त्यात एक.

बाहेर ऊन आहे. चुलीवर आधण ठेवलं होतं, ते आटलं असावं, वास येतोय. पिवळ्या चौकटीत अजून दहाच आहेत. फोन माझ्यासमोर टेबलावर आहे.

मी अजून माइतूला फोन केलेला नाही.